राउंडच्या वेळी नातेवाइकांना बाहेर काढू नका: वॉर्डात रुग्ण आणि घरच्यांना सोबत घेऊन काम करण्याची पद्धत

महाराष्ट्रातल्या कुठल्याही जनरल वॉर्डात रात्री दोन वाजता जाऊन बघा. ३० खाटा, दोन सिस्टर, एक मावशी, आणि खाटांच्या मधल्या जागेत चटया टाकून पडलेले पंचवीसेक नातेवाईक. सलाईन संपत आलं की सिस्टरला हाक मारायला नातेवाईकच जातो. बेडपॅन तोच देतो, कूस तोच बदलतो, सकाळी केसपेपर घेऊन एक्स-रेच्या रांगेतही तोच उभा राहतो. नातेवाइकांना उपचारात घ्यायचं की नाही, हा प्रश्न आपल्याकडे उरलेलाच नाही. ते आत आहेतच. फक्त काय करायचं हे त्यांना कुणी शिकवलेलं नसतं आणि कुठे थांबायचं हे सांगितलेलं नसतं. वर डॉक्टर राउंडला आले की सिक्युरिटीवाला आधी त्यांनाच बाहेर काढतो.

हा लेख वॉर्ड इनचार्ज सिस्टर, आरएमओ (निवासी वैद्यकीय अधिकारी) आणि ५० ते १०० खाटांचं रुग्णालय चालवणाऱ्यांसाठी आहे. समिती नेमून, बॅनर लावून सुरुवात करू नका. एकच वॉर्ड घ्या आणि त्याला आठ आठवडे द्या. मेडिसिन किंवा ऑर्थोपेडिकचा वॉर्ड बरा, कारण तिथे रुग्ण चार-सहा दिवस राहतो आणि शिकवायला वेळ मिळतो.

आधी एक दिवस नुसतं बघा

सकाळी ८ ते रात्री ८ एका माणसाला वही देऊन वॉर्डात बसवा. नातेवाईक जे जे करतात ते त्याने वेळेसह लिहायचं, कुणाला टोकायचं नाही. दुसऱ्या दिवशी इनचार्ज सिस्टर, एक डॉक्टर आणि वॉर्डातली एक जुनी मावशी असे तिघं बसून त्या नोंदींच्या तीन याद्या करा. मावशी हवीच, कारण नातेवाईक खरं काय ते तिलाच सांगतात.

पहिली यादी, घरच्यांनी स्वतः करायचं: गिळता येणाऱ्या रुग्णाला बसवून भरवणं, तोंड धुणं, पाणी मोजून देणं आणि लिहिणं, सोबत बोलत राहणं.

दुसरी यादी, सिस्टरसमोर शिकून मग करायचं: नाकातल्या नळीतून आहार, दर दोन तासांनी कूस बदलणं, लघवीची पिशवी रिकामी करणं, ऑपरेशननंतर पहिल्यांदा उभं करणं, श्वासाच्या व्यायामाचं तीन चेंडूंचं यंत्र, इन्सुलिन.

तिसरी यादी, हात लावायचाच नाही: सलाईनच्या नळीवरचं चाक, ऑक्सिजन कमी-जास्त करणारा फ्लोमीटर, मॉनिटरचा आवाज, जखमेतलं पाणी काढणारी नळी (ड्रेन), ड्रेसिंग, औषध ठरावीक वेगाने सोडणारा सिरिंज पंप.

तिसरी यादी सांगताना कारणही सांगा, नाहीतर ती पाळली जात नाही. सलाईनचं चाक लोक खोडी म्हणून फिरवत नाहीत. 'बाटली लवकर संपली की लवकर मोकळं' असा त्यामागे साधा हिशेब असतो. त्या बाटलीत पोटॅशियम असेल तर ते भराभर गेल्यास हृदय बंद पडू शकतं, हे एका वाक्यात सांगितलं की हात आवरतो. तसंच पाय चेपण्याचं. आपल्याकडे सेवा म्हटली की पाय चेपणं आलंच. पण खूप दिवस पडून असलेल्या किंवा नुकतंच ऑपरेशन झालेल्या माणसाची एकच पोटरी सुजली असेल, दुखत असेल, तर ती चेपल्याने आतली रक्ताची गुठळी सुटून फुप्फुसात जाऊ शकते. तिथे चेपायचं नाही, सिस्टरला दाखवायचं.

एक सावधगिरी. माणसं कमी पडली की तिसऱ्या यादीतली कामं दुसऱ्या यादीत आणि दुसरीतली पहिलीत सरकायला लागतात. हे रोखायची जबाबदारी इनचार्जची. ज्या रुग्णासोबत कुणीच नाही त्याचं काय, याचं उत्तरही याच बैठकीत ठरवा. शेजारच्या खाटेवरच्या नातेवाइकाला त्याला भरवायला लावू नका. एका रुग्णाचे जंतू दुसऱ्याकडे जाण्याचा तो हमरस्ता आहे.

दाखल झाल्यावर पहिला तास

घाई संपली, रुग्ण खाटेवर स्थिरावला की दहा मिनिटं काढा. विचारायच्या गोष्टी अशा: रुग्णाला घरी काय म्हणून हाक मारतात, कोणती भाषा नीट कळते (अहिराणी किंवा गोंडी बोलणाऱ्या आजीला पुस्तकी मराठी कळतेच असं नाही), रात्री कोण थांबणार, वाचता कुणाला येतं, आणि घरी आधीपासून कोणती औषधं चालू आहेत. शेवटच्या प्रश्नाला तोंडी उत्तर घेऊ नका. 'घरातली औषधांची पिशवी आहे तशी घेऊन या' असं सांगा. त्यात बीपीच्या गोळ्या निघतात, गावातल्या डॉक्टरांनी दिलेल्या पुड्या निघतात, काढ्याची बाटलीही निघते. 'हे सगळं खाता होय?' असा चेहरा केलात तर पुढची पिशवी येणार नाही.

मग रुग्णालाच विचारा: 'तुमच्या तब्येतीबद्दल आम्ही कुणाशी बोलू?' त्या व्यक्तीचं नाव, नातं, फोन आणि तिच्या गैरहजेरीत बोलणारी दुसरी व्यक्ती केसपेपरच्या पहिल्या पानावर लिहा. याने निम्मी भांडणं टळतात. नेहमीचा प्रसंग ठाऊक आहेच: तीन दिवस सून सगळं करत असते, चौथ्या दिवशी बाहेरगावचा मुलगा उतरतो आणि सगळे प्रश्न पहिल्यापासून विचारतो. त्याला हिडीसफिडीस करू नका. 'वहिनींना सगळं सांगितलेलं आहे, आधी त्यांच्याशी बोला, मग राहिलेलं चार वाजता आपण बसून बोलू' एवढं म्हणा, आणि चार वाजता खरोखर बसा.

बाई रुग्ण असेल तर पाच मिनिटं तिच्याशी एकटीशी बोला. नवरा आणि सासू तिच्या वतीने उत्तरं देत असतात तेव्हा पाळी, गर्भ, मार, न परवडणारं औषध यातलं काहीच बाहेर येत नाही.

राउंड

डॉक्टर खाटेपाशी येतात ती दिवसातली ठरलेली वेळ, आणि नेमका तेव्हाच नातेवाईक दाराबाहेर. मग तोच माणूस डॉक्टरांना व्हरांड्यात गाठतो, लिफ्टपाशी गाठतो, ओपीडीत घुसतो. राउंडला वेळ वाचवला असं वाटतं. तो दिवसभरात तुकड्यातुकड्याने जातोच.

राउंडची वेळ दारावर लिहा आणि प्रत्येक खाटेपाशी एकाच व्यक्तीला थांबू द्या. तपासणी झाली की डॉक्टरांनी तीन गोष्टी मराठीत सांगायच्या: कालपासून काय बदललं, आज काय करणार, घरी जायला कशाची वाट बघतोय. मग थांबून विचारायचं, 'तुमच्या मनात काय आहे?' उत्तराला निदान दहा सेकंद द्या. मोठ्या डॉक्टरांपुढे पहिलं वाक्य जुळवायला तेवढी लागतात. खाटेमागे दोन मिनिटं वाढतात, म्हणजे ३० खाटांना तासभर. तो नसेल तर पहिले दोन आठवडे फक्त नवे आणि गंभीर रुग्ण घ्या.

एचआयव्ही, गर्भपात, दारू, मानसिक आजार यांबद्दल राउंडला बोलायचं नाही. खाटांमध्ये पडदा असला तरी आवाजाला पडदा नसतो. खाटेशेजारी छोटा पांढरा फळा लावा: तारीख, आजची सिस्टर, आजची तपासणी, उपाशी असल्यास किती वाजेपर्यंत. आजाराचं नाव फळ्यावर लिहू नका.

'कळलं ना?' हा प्रश्न बंद करा

'कळलं ना?' याचं उत्तर आपल्याकडे 'हो' हेच असतं. आदर म्हणून असतं, संकोच म्हणून असतं, सिस्टर घाईत दिसते म्हणूनही असतं.

'उपाशी' हाच शब्द घ्या. 'उद्या ऑपरेशन आहे, सकाळी उपाशी राहा' असं सांगून सिस्टर जाते. पण 'उपाशी' आणि 'उपास' हे आपल्या कानाला सख्खे भाऊ. आणि उपासाला चहा चालतो, केळं चालतं, साबुदाण्याची खिचडी तर लागतेच. सकाळी सहा वाजता काकांना घोटभर चहा पाजून मुलगी निर्धास्त असते. भूल देताना पोटातलं वर येऊन फुप्फुसात गेलं तर जिवावर बेततं. तसं होऊ नये म्हणून ऑपरेशन पुढे ढकललं जातं, आणि मग 'नुसत्या चहासाठी?' असा वाद होतो. प्रौढांसाठी सर्वसाधारण नियम असा की जेवण किंवा नाश्ता निदान सहा तास आधी बंद, साधं पाणी दोन तास आधी बंद. दुधाचा चहा पाण्यात धरत नाहीत, तो खाण्यात धरतात. नेमकी वेळ भूलतज्ज्ञ ठरवतील. तुमचं काम ती घड्याळाच्या आकड्यात सांगणं: 'रात्री १२ नंतर काही खायचं नाही. चहा नाही, दूध नाही, फळ नाही, तंबाखू नाही. पाणी ६ वाजेपर्यंत.'

मग समजलं का ते उलटं विचारून बघायचं. परीक्षा घेतल्यासारखं नको, भार स्वतःवर घ्या:

'ताई, मी घाईत सांगितलं. रात्री तुमचे भाऊ येणार ना थांबायला? त्यांना तुम्ही काय सांगाल?'
'हेच की सकाळी जेवण द्यायचं नाही.'
'आणि चहा मागितला तर?'
'चहा... थोडा चालेल ना?'

ही चूक सापडायला वीस सेकंद लागली. पुन्हा सांगा, पुन्हा विचारा. दुसऱ्यांदाही चुकलं तर सांगण्याची पद्धत बदला: चित्र काढा, घड्याळ दाखवा, घरातल्या दुसऱ्या माणसाला बोलवा. त्याच वाक्यात आवाज चढवून सांगणं ही पद्धत बदलणं नव्हे.

करून दाखवा, करून घ्या: नळीच्या आहाराचं उदाहरण

दुसऱ्या यादीतलं प्रत्येक काम तीन वेळांत शिकवायचं. पहिल्या वेळी सिस्टर करते आणि तोंडाने सांगते. दुसऱ्या वेळी नातेवाईक करतो, सिस्टर सांगते. तिसऱ्या वेळी नातेवाईक करतो आणि सांगतोही तोच. सिस्टर गप्प बसते. तिन्ही वेळांची तारीख आणि सही केसपेपरला जोडलेल्या कागदावर.

नळीच्या आहारात शिकवायचं ते असं. हात साबणाने ४० ते ६० सेकंद धुवायचे. खाटेची डोक्याकडची बाजू ३० ते ४५ अंश वर. खाट वाकत नसेल तर पाठीला दोन-तीन उशा. नाकपुडीपाशी नळीवर सिस्टरने केलेली खूण जागेवर आहे का ते दर वेळी बघायचं. खूण सरकलेली दिसली तर काहीही न देता सिस्टरला बोलवायचं. नळी जठरात आहे की नाही हे तपासणं सिस्टरचं काम आहे, घरच्यांचं नाही. आहार गाळणीतून गाळलेला हवा, तयार केल्यापासून दोन तासांत संपवायचा. ५० मिलीच्या सिरिंजचा दट्ट्या काढून ठेवा, सिरिंज नळीला जोडून रुग्णाच्या डोक्यापेक्षा थोडी वर धरा आणि आहार आपोआप उतरू द्या. २०० मिलीला १५ ते २० मिनिटं लागली पाहिजेत. दट्ट्याने ढकलायचं नाही. ढकललं की पाच मिनिटांत उरकतं आणि ओकारीही तितक्याच लवकर येते. शेवटी ३० मिली कोमट पाणी, म्हणजे नळी चोंदत नाही. त्यानंतर किमान अर्धा-पाऊण तास आडवं करायचं नाही. मध्येच खोकला आला, श्वास लागला, ओठ निळसर दिसले तर नळी चिमटीत धरून थांबायचं आणि हाक मारायची. गोळ्या कुटून देण्याआधी सिस्टरला विचारायचं, कारण हळूहळू विरघळणाऱ्या गोळ्या कुटल्या की दिवसभराचा डोस एकदम जातो.

लघवीची पिशवी शिकवताना आकडा द्या. ६० किलोच्या माणसाला तासाला साधारण ३० मिली तरी लघवी व्हायला हवी. 'चार तासांत १२० मिलीच्या खाली राहिली तर मला सांगा' हे वाक्य 'लघवी कमी झाली तर सांगा' यापेक्षा कितीतरी उपयोगी. पिशवी खाटेला अडकवायची, मूत्राशयाच्या पातळीच्या खाली, पण जमिनीला टेकवायची नाही. मोजायचं भांडं रुग्णालयाने द्या. घरून आणलेल्या बिसलेरीच्या बाटलीवर किती मिली ते अंदाजानेच सांगितलं जातं.

घरच्यांना हे जमेल का, अशी शंका घेणाऱ्यांनी नवजात बाळांच्या कक्षाकडे बघावं. कमी वजनाचं बाळ आईच्या उघड्या छातीशी धरण्याची कांगारू पद्धत १९७८ मध्ये कोलंबियातल्या बोगोटा इथे सुरू झाली आणि आज आपल्या जिल्हा रुग्णालयांतही चालते. दिल्लीच्या राम मनोहर लोहिया रुग्णालयात आई-वडिलांना प्रशिक्षण देऊन बाळाच्या काळजीत घेण्याचं काम झालं. २०१७ मध्ये केंद्र सरकारने कुटुंबाच्या सहभागाची मार्गदर्शक तत्त्वं देशभरासाठी काढली. प्रशिक्षणाचे भाग चारच: आत येण्याचे नियम आणि हात धुणं, बाळाला हाताळणं, कांगारू पद्धत, घरी जाण्याची तयारी. दीड किलोच्या बाळाला हे जमत असेल तर सत्तर किलोच्या आजोबांना का नको?

'आज हे वेगळेच वाटतात'

हे वाक्य नातेवाईक बोलला की खाटेपाशी जायचं. आजोबा कालपेक्षा गुंगीत आहेत, उलटसुलट बोलतात, हे रोज सोबत असलेल्या माणसाला मॉनिटरच्या आधी कळू शकतं. आणि 'सिस्टरला सांगितलं, पण कुणी आलं नाही' ही तक्रार अशाच वेळची असते.

पायऱ्या ठरवून खाटेपाशी लावा. सिस्टरला सांगा, १५ मिनिटांत कुणी आलं नाही तर आरएमओंना, तरीही समाधान नाही झालं तर या नंबरवर. तो फोन त्या दिवशीच्या जबाबदार वरिष्ठ डॉक्टरांकडे हवा, टेलिफोन ऑपरेटरकडे नको. अमेरिकेत पिट्सबर्गच्या एका रुग्णालयाने २००५ मध्ये घरच्यांना थेट तातडीचं पथक बोलावण्याची मुभा दिली. इंग्लंडमध्ये २०२४ पासून अशीच मुभा देणारा 'मार्थाज रूल' लागू होऊ लागला. सेप्सिसने (संसर्ग हाताबाहेर जाऊन) गेलेल्या आणि आई-वडिलांची काळजी कानाआड झालेल्या १३ वर्षांच्या मुलीच्या नावाने तो ओळखला जातो. आपल्याकडे असं पथक नसेल, एक फोन तर असतो. 'लोक उठसूट फोन करतील' ही भीती प्रत्येक ठिकाणी निघते. पहिल्या महिन्यातले सगळे कॉल वहीत लिहा आणि मग ठरवा. ज्या सिस्टरच्या पाळीत कॉल आला तिला त्यावरून बोल लावला, तर ती पुढच्या वेळी नंबरचा कागदच फाडून ठेवेल.

सही कुणाची, सांगायचं कुणाला

रुग्ण सज्ञान आणि शुद्धीत असेल तर संमती त्याची किंवा तिची. नवऱ्याची नाही, मुलाची नाही. समीरा कोहली खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये हे स्पष्ट केलं: रुग्ण भुलेखाली असताना आईची संमती घेऊन गर्भाशय काढलं गेलं होतं, आणि जिवाला तात्काळ धोका नसताना अशी संमती चालत नाही. सज्ञान बाईच्या गर्भपातालाही तिचीच संमती लागते. तरी वॉर्डात फॉर्म सवयीने नवऱ्यापुढे सरकवला जातो. घरच्यांना चर्चेत बसवा, पेन रुग्णाच्या हातात द्या.

'बाबांना कॅन्सर आहे हे सांगू नका' ही विनवणी येते तेव्हा नियम सुनावू नका, आणि होकारही देऊ नका. आधी विचारा, 'सांगितलं तर काय होईल असं वाटतं?' मग बाबांना घरच्यांसमोरच विचारा: 'तपासण्यांचं सगळं तुम्हाला सांगू, की मुलाशी बोलू?' काही जण खरंच म्हणतात, पोराशीच बोला. तेही मान्य करा आणि केसपेपरवर लिहा. पण त्यांनी स्वतः विचारलं तर खोटं बोलायचं नाही, हे मुलाला आधीच सांगून ठेवा.

वाईट बातमी व्हरांड्यात उभ्याने देऊ नका. दार लागणारी खोली, सगळ्यांना बसायला जागा, पाणी, एक सिस्टर सोबत, डॉक्टरांचा फोन बंद. 'तुम्हाला आतापर्यंत काय सांगितलंय?' इथून सुरुवात. 'सिरियस आहे' हा शब्द इतका वापरून गुळगुळीत झालाय की त्यातून मरणाची शक्यता कळतच नाही. 'आज रात्रीत ते जाऊ शकतात' असं स्पष्ट म्हणा आणि मग गप्प राहा.

डॉक्टर-नर्सेसवरील हल्ल्यांविरुद्धचा राज्याचा २०१० चा कायदा गरजेचाच आहे. पण आयसीयूच्या दारावर शिक्षेची पाटी, आणि तब्येतीबद्दल सांगणारं मात्र कुणी नाही, हे जोडकाम धोक्याचं. दारावर रोज माहिती देण्याच्या दोन वेळा लिहा आणि त्या पाळा. आज सांगण्यासारखं नवीन काही नसलं तरी 'नवीन काही नाही' हे सांगायला बाहेर या.

पैशांचं बोलणं उपचाराच्या बोलण्यात मिसळू नका. वेगळा माणूस, वेगळी वेळ. दर दिवशी बिलाचा आकडा द्या, म्हणजे शेवटच्या दिवशी धक्का बसत नाही. सरकारच्या महात्मा फुले जन आरोग्य योजनेत बसतं का, हे रुग्णालयातल्या योजनेच्या मदतनीसाला, म्हणजे आरोग्यमित्राला, पहिल्याच दिवशी विचारून घ्या. राज्याच्या शुश्रूषागृह नोंदणी नियमांत २०२१ मध्ये झालेल्या दुरुस्तीनुसार रुग्णहक्कांची सनद आणि दर दर्शनी भागात लावावे लागतात, आणि बिलापायी मृतदेह अडवता येत नाही.

डिस्चार्जचं शिकवणं दाखल झाल्याच्या दुसऱ्या दिवशी सुरू

डिस्चार्जच्या दिवशी घरच्यांचं लक्ष बिलाकडे, विम्याच्या मंजुरीकडे आणि गाडीकडे असतं. त्या दिवशी फक्त उजळणी करा.

कार्ड मराठीत, मोठ्या अक्षरात, एका पानाचं. '१-०-१' लिहून सोडू नका. सकाळ-दुपार-रात्र हे आपल्याला पाठ असतं. घरचा माणूस 'एक दिवस घ्यायची, एक दिवस नाही' असाही अर्थ लावू शकतो. सूर्य आणि चंद्राची चित्रं काढून त्यांच्याखाली गोळ्या चिकटवा. संधिवाताला किंवा सोरायसिसला मेथोट्रेक्सेट असेल तर 'आठवड्यातून एकदा' एवढं पुरत नाही, वाराचं नाव लिहा: 'फक्त रविवारी'. रोज घेतली गेली तर रक्तपेशी तयार होणं थांबून माणूस दगावू शकतो. इन्सुलिनचं तसंच. आपल्याकडे एका मिलीत ४० युनिट आणि एका मिलीत १०० युनिट अशी दोन्ही औषधं आणि त्यांच्या वेगवेगळ्या सिरिंजा मिळतात. १०० चं इन्सुलिन ४० च्या सिरिंजने भरलं तर अडीचपट डोस जातो. सिरिंजच्या टोपणाचा रंग दाखवा (४० ला लाल, १०० ला नारिंगी), रिकामी सिरिंज सोबत द्या आणि दुकानात तीच दाखवायला सांगा.

धोक्याची लक्षणं तीन-चारच, प्रत्येकापुढे काय करायचं आणि कुठे फोन करायचा. कागदपत्रांच्या प्रतींसाठी ताटकळत ठेवू नका. केसपेपरच्या प्रती रुग्णाला दिल्याच पाहिजेत हे मुंबई उच्च न्यायालयाने १९९६ मध्येच सांगितलंय, आणि वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमांत ७२ तासांची मुदत आहे.

घरी गेल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सिस्टरने फोन करायचा. पहिला प्रश्न 'कसे आहात?' नको, 'कोणती औषधं आणलीत आणि कोणती राहिली?' हा विचारा. न परवडलेलं औषध इथेच कळतं.

मोजणी आणि पुढचा वॉर्ड

बिलाच्या खिडकीवर भरून घेतलेल्या फॉर्मात सगळे 'छान' लिहितात, त्याला किंमत देऊ नका. चार आकडे पुरेत: दर आठवड्याला १० डिस्चार्जपैकी किती घरच्यांनी औषधं न बघता बरोबर सांगितली, काळजीच्या नंबरवर किती कॉल आले आणि कुणी पोचायला किती मिनिटं लागली, वॉर्डात नव्याने किती जणांना पाठीवर जखमा झाल्या, उपाशी न राहिल्यामुळे किती ऑपरेशनं पुढे गेली.

महिन्यातून एकदा चार-पाच माजी रुग्ण किंवा त्यांच्या घरच्यांना ४५ मिनिटांसाठी बोलवा, प्रवासखर्च द्या. डॉक्टरांनी भाषण करायचं नाही. एकच तक्रार निवडायची आणि पुढच्या बैठकीच्या आत ती सोडवायची. निघतात त्या गोष्टी बहुधा साध्या असतात: रात्री थांबणाऱ्या बाईला संडासाला जाताना वाटेत दिवा नाही, किंवा पास एकच असल्याने भाऊ डबा घेऊन खाली तासभर उभा.

दुसरा वॉर्ड सुरू करताना पहिल्या वॉर्डातली एक सिस्टर आणि एक मावशी तिथे दोन आठवडे बसवा. नुसत्या छापील याद्या पाठवल्या तर त्या इनचार्जच्या ड्रॉवरमध्ये जातात. आणि तीन याद्या त्या वॉर्डाने स्वतः नव्याने करायच्या. ऑर्थोपेडिकची यादी बाळंतिणींच्या वॉर्डात चालत नाही.